डीटीपीवालीचा बुधवार

सकाळी ८.३०

गाळ्यात शिरलं की आधी देवाला उदबत्ती, मग मोठ्या मशीनचं बटण. मशीन २०१७ सालचं आहे: सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, मागाहून बसवलेली एसएसडी. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, मंडळांच्या स्मरणिका आणि मधूनच एखादं पुस्तक, एवढ्याला ते सहज पुरतं. पण विंडोज ११ आठव्या पिढीच्या आधीचा इंटेल प्रोसेसर स्वीकारत नाही, वर टीपीएम २.० मागतं, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वर्षभराची वाढीव मुदत मिळत होती. म्हणजे पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा हाच प्रश्न, तोही दिवाळीच्या गर्दीत. तेव्हा यंदाची दिवाळीची कामं हातावेगळी झाल्यावर पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट घेतलं. डिस्कवरचं काहीही न पुसता त्या पेनड्राइव्हवरूनच मशीन चालवून पाहिलं. वायफाय, आवाज, स्कॅनर, सगळं लागलं. प्रिंटर तेवढा लागला नाही. मग एका रविवारी ते डिस्कवर चढवलं.

मिंटच्या आवृत्त्यांना बायकांची नावं असतात आणि ती सगळी 'आ'ने संपतात: विल्मा, शिया, झारा. माझ्याकडे झारा आहे, म्हणजे २२.२. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, उजव्या कोपऱ्यात घड्याळ. विंडोजवर केस पांढरे केलेल्या माणसाने बिचकू नये, अशीच मांडणी. कोपऱ्यात एक छोटी ढाल आहे, तिच्यावर ठिपका दिसला की अपडेट आलेत. मी कामाच्या वेळी तिच्याकडे बघत नाही आणि तीही माझ्यामागे लागत नाही. गिऱ्हाईक पत्रिकेचा प्रूफ बघायला समोर बसलेलं असताना मशीनने 'बंद करू नका' म्हणून निळा पडदा ओढण्याचे दिवस गेले, एवढ्या एका सुखासाठीही मी हा उद्योग केला असता.

उद्या दत्तजयंती. आज फ्लेक्सवाल्यांची घाई असणार.

९.१५

मशीनशी माझं जमलं आहे. बोटांचं अजून जमत नाही.

मी मराठी टायपिंग शिकले ते खऱ्याखुऱ्या टाइपरायटरवर, दादरच्या एका क्लासात. तीस शब्दांची परीक्षा, मग चाळीस शब्दांची. पुढे गिरगावातल्या एका प्रेसमध्ये पानं लावायचा पेजमेकर आणि मराठी फॉन्टांची श्रीलिपी आली, पण कळफलक टाइपरायटरचाच राहिला. त्यात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, कारण ती कागदावर आधी दिसते. रफार सगळ्यात शेवटी, कारण तो वरून बसतो. कळफलकावर ज्या जोडाक्षराला जागाच नाही, त्याच्यासाठी ऑल्ट दाबून शून्य आणि तीन आकडे. त्या आकड्यांचा तक्ता आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाच्या भिंतीवर असतो. जो तक्त्याकडे न बघता काम करतो तो ऑपरेटर, आणि जो बघतो तो शिकाऊ. मी तक्ता बघणं कधीच सोडलेलं होतं.

लिनक्सवर ऑल्ट-शून्य चालत नाही. दाबलं तर काहीच होत नाही, किंवा समोरच्या प्रोग्रामचा एखादा मेन्यू उघडतो. तिथे मराठीसाठी इनस्क्रिप्ट आहे. हा कळफलक सरकारने १९८६ सालीच ठरवलेला: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, आणि अक्षरं उच्चाराच्या क्रमाने. 'कि' लिहायचं तर आधी क, मग वेलांटी. रफार लिहायचा तर आधी र, मग पाय मोडायची कळ, मग पुढचं अक्षर. शाळेत पहिलीच्या मुलाला जसं फोडून सांगतात तसंच. ज्याने टाइपरायटर पाहिलेला नाही त्याला हे सरळ वाटतं. माझी बोटं मात्र अजून पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारतात आणि पडद्यावर एक अनाथ वेलांटी टिंबांच्या गोलाला चिकटून उभी राहते. टाइपरायटरच्या धर्तीचे कळफलकही लिनक्सवर मिळतात. मी ते घेतले नाहीत. हात एकदाच मोडायचा तर नीट जोडलेला बरा.

माझ्या हाताखाली काम करणारी पोरगी साडेनऊला येते. तिने टाइपरायटर चित्रातच पाहिलेला. तिची बोटं इनस्क्रिप्टवर पंधरवड्यात बसली.

"ताई, 'दुसऱ्या'तला ऱ्या कसा काढायचा? सारखा रफार येतोय."

"र च्याच कळीवर शिफ्ट धरून मार. मग पाय मोड, मग य."

"एवढंच?"

एवढंच. या एका अक्षरासाठी पूर्वी ऑल्ट, शून्य आणि दोनशेच्या घरातला एक आकडा लागायचा. फॉन्ट बदलला की आकडाही बदलायचा.

भाषा बदलायला मी खिडकीचं चित्र असलेली कळ आणि स्पेस अशी जोडी ठरवली आहे. लिनक्सवाले त्या कळीला 'सुपर' म्हणतात. कळफलकावर चित्र मात्र खिडकीचंच आहे आणि नवा कळफलक घेतला तरी तेच असेल.

१०.१५

बरकत अली नाक्याकडच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी पेनड्राइव्ह घेऊन आले. वार्षिक सभेचं इतिवृत्त त्यात होतं. "मॅडम, कालपर्यंत फाइल होती, आता नुसते शॉर्टकट दिसतायत. सायबरवाला म्हणाला, डेटा गेला."

डेटा गेलेला नसतो. हा जुना रोग आहे: व्हायरस खऱ्या फायली लपवतो आणि त्यांच्या जागी त्याच नावांचे शॉर्टकट ठेवतो. त्यावर क्लिक केलं की तो पुढच्या मशीनमध्ये शिरतो. लपवण्याची जी खूण विंडोज मानतं, ती पेनड्राइव्ह लावल्यावर लिनक्स मानत नाही. त्यामुळे माझ्या पडद्यावर शॉर्टकट आणि खऱ्या फायली शेजारी शेजारी दिसल्या. इतिवृत्त उतरवून घेतलं, शॉर्टकट पुसले, सेक्रेटरींनी मशीनकडे आदराने पाहिलं. लिनक्सला व्हायरस लागतच नाही, असं लोक छातीठोकपणे सांगतात. मी सांगत नाही. हा विशिष्ट व्हायरस विंडोजसाठी लिहिलेला आहे आणि इथे त्याला चालायला जमीन नाही, इतकाच त्याचा अर्थ.

त्यांच्या इतिवृत्तात दोन ठराव वाढवायचे होते. ते त्यांनी तिथेच उभ्या उभ्या फोनवर बोलून लिहवून घेतले आणि व्हॉट्सअॅपवर मला पाठवले. ब्राउझरमध्ये व्हॉट्सअॅप उघडलं, मजकूर उचलला, लिबरऑफिसमध्ये चिकटवला. संपलं.

कुणाला यात काही विशेष वाटणार नाही. मला वाटतं, कारण गेली कित्येक वर्षं इथे मधे एक पायरी होती. गिऱ्हाइकाच्या फोनवरून येणारं मराठी युनिकोडमध्ये असायचं. ते पेजमेकरला कळत नाही. म्हणून मी ते कन्व्हर्टरमध्ये घालून जुन्या फॉन्टात बदलायची, त्यात जे बिघडायचं ते हाताने दुरुस्त करायची, आणि मग छापायची. शोधता येणारं, कुठेही वाचता येणारं मराठी घ्यायचं आणि ते फक्त माझ्याच मशीनवर दिसेल असं करायचं, याचे मी पैसे लावत होते.

११.३०

काका आले. मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली, वडाळ्याच्या पोर्टच्या कॉलनीत राहिले, आणि निवृत्तीनंतर त्यांनी गोदीच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. २००४ साली मीच ते लावलं होतं. स्वखर्चाने काढलेली आवृत्ती वाटून संपली. आता त्यांना दुसरी हवी आहे, मागे नावांची सूचीही हवी आहे.

"फाइल तुझ्याकडे असेलच ना, बाई?"

होती. सीडीवर, नाव-तारखेसह. मशीनला सीडी ड्राइव्ह अजून आहे, सीडी वाचलीही गेली. खरी अडचण त्यापुढे.

जुन्या फॉन्टातल्या फायलीत मराठी नसतंच. तिथे इंग्रजी अक्षरांची, कंसांची आणि खुणांची रांग असते. फॉन्ट तिच्यावर मराठी मुखवटे चढवतो. संगणकात एका फॉन्टाला तेव्हा जेमतेम २५६ घरं होती आणि मराठी जोडाक्षरं त्यात मावणं शक्य नव्हतं. म्हणून ज्यांनी हे फॉन्ट केले त्यांनी अक्षरांचे तुकडे केले: अर्धा ग वेगळा, त्याचा दांडा वेगळा, रफार वेगळा, रफार-अनुस्वार एकत्र असलेला तुकडा आणखी वेगळा. पुण्या-मुंबईच्या या लोकांनी त्या काळात जे केलं ते कमाल होतं. त्यांच्याशिवाय नव्वदच्या दशकात मराठी छपाई खिळ्यांच्या खणांतून बाहेर आली नसती. पण प्रत्येकाने तुकडे आपापल्या पद्धतीने केले. त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टात उघडत नाही आणि मुखवटा काढला की खाली काय लिहिलंय ते कुणालाच वाचता येत नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, देवनागरीला १२८ जागा देऊन. त्याच वर्षी २५ ऑगस्टला हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्सने आपण एक कार्यप्रणाली करत असल्याचं जाहीर केलं. दोन्ही गोष्टी माझ्या टायपिंगच्या क्लासच्या वेळच्या. माझ्यापर्यंत यायला त्यांना इतका वेळ का लागला, याचं उत्तर त्या सीडीवर आहे.

लिनक्सवर श्रीलिपीचा फॉन्ट चढतो, जुना मजकूर दिसतोही. त्यात टंकायचा प्रोग्राम चढत नाही, पेजमेकर तर नाहीच. वाइन नावाचा प्रकल्प १९९३ पासून विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवण्याची खटपट करतो आहे. त्यावर माझा पेजमेकर उघडला, पण पानं हलवताना धाप टाकू लागला. म्हणून मी जुनं विंडोज, पेजमेकरसकट, व्हर्च्युअलबॉक्सच्या एका चौकटीत ठेवलं आहे. मशीनच्या आत मशीन. त्याला इंटरनेट तोडलेलं आहे, त्यामुळे आधार संपला तरी बिघडत नाही. सुरू केलं की तोच निळसर देखावा, तोच आवाज. काकांचं पुस्तक तिथे उघडलं, प्रकरणं आरटीएफमध्ये बाहेर काढली. साध्या टेक्स्टमध्ये काढू नयेत. आरटीएफमध्ये कुठल्या तुकड्याला कुठला फॉन्ट होता ही नोंद सोबत येते, आणि तिच्याशिवाय कन्व्हर्टर आंधळा असतो. काकांच्या पुस्तकात जहाजांची नावं रोमन लिपीत आहेत. फॉन्टची नोंद हरवली की कन्व्हर्टर त्या नावांनाही मराठी समजून बदलतो आणि गोदीत 'ञ्झ्रभ्ल' अशा नावाची जहाजं लागतात.

बदललेलं पहिलं प्रकरण पडद्यावर आलं. काका खुर्ची ओढून शेजारी बसले. वडाळ्याच्या मिठागरांचं प्रकरण होतं. १९३० च्या सत्याग्रहात वडाळ्याच्या मिठाच्या आगारावर पुन्हा पुन्हा चढाया झाल्या. १ जूनला तर सुमारे पंधरा हजार लोक उतरले होते. काकांच्या वडिलांनी ते पाहिलेलं. त्या पानावर 'आर्थिक' हा शब्द मोडून आला होता. जुन्या फायलीत त्याचा क्रम आ, वेलांटी, थ, रफार, क असा. युनिकोडला हवा तो आ, र, पाय मोडणं, थ, वेलांटी, क. अक्षर एक आणि जागा बदलणारे तुकडे दोन, तिथेच कन्व्हर्टर घसरतो. 'मार्मिक', 'वर्षिणी', 'धार्मिक', सगळ्यांची तीच गत. मी शोधा-बदलामध्ये एक नमुना लिहिला. लिबरऑफिसला असे नमुने समजतात: रफाराच्या आधी वेलांटी आणि व्यंजन दिसलं तर त्यांच्या जागा अशा बदल. एका टिचकीत पुस्तकभर दुरुस्ती झाली.

मग मी शोधपट्टीत 'मिठागर' टंकलं. पानापानांवर पिवळे ठिपके उमटले.

काका पुढे सरकले. "आता 'तेरेखोल' शोध." मी म्हटलं, काका, तेरेखोल गोव्याच्या सीमेवर आहे. म्हणाले, "ठाऊक आहे गं, गोदीत आमच्याकडे तिकडचा एक मुकादम होता." होता खरंच, चौथ्या प्रकरणात. मग ते नावं सांगत गेले आणि मी शोधत गेले. क्रेनवाले, मुकादम, एक इराणी चहावाला. वीस वर्षं ही माणसं त्या सीडीवर होती आणि एकाचंही नाव शोधून सापडलं नसतं. सूचीचं काम आता जमण्यासारखं होतं.

दर किती घ्यायचा, ते ठरायचं राहिलं. काका म्हणाले, "तेच पुस्तक आहे, त्याचे पैसे मी एकदा दिलेत." मी म्हटलं, संध्याकाळी फोनवर सांगते.

दीड

पोळी, मेथीची भाजी, ताक. डबा खाताना मी आयआयटी पवईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मधला एक धडा लावते. दहा-एक मिनिटांचा असतो, मराठीत बोलतात, आणि शेजारी खिडकी उघडून बरोबरीने करत जायचं अशी त्याची रीत आहे. टर्मिनल मी त्यावरच शिकले. टर्मिनलची मला आधी धास्ती होती. मग लक्षात आलं की मी कामाला लागले तेव्हा डॉसचाच काळा पडदा होता आणि त्याला आम्ही घाबरत नव्हतो. सवयीच्या एका गोष्टीने अजून चिडचिड होते: कंट्रोल-सी मारलं की कॉपी होण्याऐवजी चाललेलं काम थांबतं. कॉपीला शिफ्टही धरावी लागते.

२.३०

लग्नपत्रिका. वडाळ्यातली मुलगी, सिंधुदुर्गातला मुलगा, मजकूर नवऱ्याच्या मामांनी फोनवरून धाडलेला. पत्रिका लावली, मुलीच्या आईला पडद्यावर दाखवली.

"ल असा का दिसतोय? हिंदीसारखा."

बरोबर पकडलं त्यांनी. मराठी वळणाचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे असतात आणि चांगल्या युनिकोड फॉन्टात दोन्ही रूपं असतात. कुठलं दाखवायचं ते फॉन्ट मजकुराच्या भाषेवरून ठरवतो. मामांचा मजकूर चिकटवताना भाषेची खूण 'हिंदी' झाली होती. मजकूर निवडला, भाषा 'मराठी' केली, आणि सगळ्या पत्रिकेत ल-श बदलले. फॉन्ट तोच. "हां, आता लग्न आपल्यातलं वाटतंय," बाई म्हणाल्या.

जुन्या पद्धतीत हे कधी करावंच लागलं नाही, हेही खरं. तिथे फॉन्ट मराठीच असायचा, त्याला दुसरं काही ठाऊक नव्हतं.

प्रूफ काढायचा तर प्रिंटर. गाळ्यातला लेसर प्रिंटर जुना, मजबूत, आणि अशा जातीचा की पान रचण्याचं सगळं काम तो संगणकावर ढकलतो. त्यासाठी लागणारा ड्रायव्हर फक्त विंडोजवर धड चालतो. कंपनीचं नाव घेत नाही, या गल्लीत निम्म्यांकडे तोच आहे. नव्या बहुतेक प्रिंटरांना लिनक्सवर ड्रायव्हर लागतच नाही, लावला की छापतो. माझा हा म्हातारा मी व्हर्च्युअलबॉक्सच्या चौकटीतल्या विंडोजला जोडून दिला आहे. लिनक्सवर पीडीएफ करायची, चौकटीत सरकवायची, तिथून छापायची. द्राविडी प्राणायाम आहे. टोनर संपेपर्यंत करणार, मग बघू.

४.००

नायगाव क्रॉस रोडवरच्या रॉयल इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये चालत गेले. तिथे आणि आजूबाजूच्या इस्टेटींमध्ये छापखाने, बाइंडिंगवाले, प्लेट काढणारे, सगळे दाटीवाटीने आहेत. शाईचा आणि गरम कागदाचा वास जिन्यातच लागतो.

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, 'ओपन फाइल'. म्हणजे कोरलची अशी फाइल, जिच्यात छापखान्यातला माणूस ऐन वेळी तारीख बदलू शकेल, फोटो सरकवू शकेल. छापखान्यातले भाऊ मला म्हणाले, "ताई, पीडीएफ नको, ओपन द्या. रात्री काही निघालं तर मी कुठे तुम्हाला उठवू?"

कोरल लिनक्सवर नाही. गंमत म्हणजे एकदा होतं. कॅनडाच्या त्या कंपनीने १९९९ साली स्वतःचं लिनक्स काढलं होतं आणि २००० साली कोरलड्रॉ ९ लिनक्ससाठीही आणलं. टिकलं नाही. ते टिकलं असतं तर वडाळा-लालबागचा अर्धा छपाईधंदा आज कुठे असता, याचा विचार मी कधी कधी करते.

मी भाऊंना स्क्रायबसमधून काढलेली पीडीएफ दिली. पानं लावण्याचा हा मोफत प्रोग्राम बरीच वर्षं मराठीसाठी निकामी होता, जोडाक्षरं मोडून टाकायचा. ओमानमधल्या प्रोग्रामरांनी अरबीसाठी त्यात काम केलं आणि गुंतागुंतीच्या सगळ्याच लिप्यांची सोय झाली, देवनागरीचीही. आमचा गोदीशी संबंध असल्यामुळे असेल, मस्कतवरून आलेली ही मदत मला फार आवडते.

"काळा कसा दिलाय?" भाऊंनी विचारलं. हा खरा कारागिराचा प्रश्न. लिबरऑफिसमधून थेट पीडीएफ काढली तर काळी अक्षरं पडद्याच्या रंगांत येतात आणि छपाईला चार शाया मिसळून काळा होतो. प्लेट केसभर हलली की अक्षरांना लाल-निळी किनार. म्हणून छपाईचं काम स्क्रायबसमधून; तिथे मजकुराला नुसती काळी शाई देता येते. भाऊंनी त्यांच्या पडद्यावर शाया वेगवेगळ्या करून पाहिल्या. अक्षरं फक्त काळ्या प्लेटवर होती.

"मग चालेल," म्हणाले. "पण तारीख बदलली तर?"

"तर मला उठवा."

५.३०

परत येताना कटिंग घेतला. काय जमलं नाही तेही सांगायला हवं. टॅली लिनक्सवर नाही; माझे हिशेब बाहेरचे अकाउंटंट बघतात म्हणून माझं निभावतं, शेजारच्या हार्डवेअरवाल्याचं निभावणार नाही आणि मी त्याला लिनक्स घे म्हणणारही नाही. गिऱ्हाइकाने कोरलची फाइल पाठवली तर इंकस्केप ती उघडतं, पण अर्धीमुर्धी. सावल्या आणि फ्रेम कुठेतरी सांडतात. रोज दुसऱ्यांच्या कोरल फायली दुरुस्त करणाऱ्याने इकडे येऊ नये.

आपल्याकडे लिनक्सच्या कामाची सुरुवात मी तिकडे वळले त्याच्या खूप आधी झाली होती. १९९६ पासून 'पीसीक्वेस्ट' मासिकाच्या सीडीवर लिनक्स यायचं. २००० च्या आसपास मुंबईत इंडलिनक्सच्या मंडळींनी लिनक्सचे मेन्यू भारतीय भाषांत आणायचा घाट घातला, जुहूच्या एनसीएसटी संस्थेत याच कामासाठी इंडिक्स झालं. पुण्यात रेड हॅटच्या लोकांनी लोहित फॉन्ट सांभाळले. आज मी मेन्यू मराठी करू शकते तो या लोकांनी एकेक शब्द बसून लावल्यामुळे. मी मेन्यू इंग्रजीच ठेवला आहे, हे त्यांना कुणी सांगू नये. 'फाइल', 'एडिट' कुठे आहे ते माझी बोटं न वाचता शोधतात.

७.१५

दत्तजयंतीचे फ्लेक्स. तीन मंडळं, एकाच वेळी, प्रत्येकाला आपल्या अध्यक्षांचा फोटो मोठा हवा. पोरीने जिंपमध्ये फोटो कापले, मी इंकस्केपमध्ये अक्षरं टाकली, टिफ करून फ्लेक्सवाल्याला पाठवली. फ्लेक्सवाल्याला चित्र लागतं, ते कशात केलं याच्याशी त्याला कर्तव्य नाही. पाऊण तासात तिन्ही बाहेर.

"ताई, 'श्री दत्त जयंती' हे दोन शब्द की तीन?"

"मंडळाने लिहून दिलंय तसंच ठेव."

८.४०

बॅकअप. बाहेरची डिस्क लावली, एक ओळ टर्मिनलमध्ये टंकली, दिवसभरात जे बदललं तेवढंच तिकडे गेलं. तोवर काकांना फोन.

"काका, जुन्या फायलीतून मजकूर सोडवणं, तपासणं आणि सूची, असे पानामागे पैसे लागतील. लावणीचे वेगळे नाही घेत."

"म्हणजे तेच पुस्तक मी पुन्हा विकत घ्यायचं."

"एकदाच. आता ते युनिकोडमध्ये येईल. माझं मशीन गेलं, मी गेले, तरी कुणीही कुठेही उघडेल."

"आणि तिसऱ्या आवृत्तीला?"

"तिसरीला मजकुराचे पैसे नाहीत. फुकट."

पलीकडे थोडा वेळ काकूंशी काहीतरी बोलणं झालं. मग काका परत आले.

"मग बाई, दुसरी राहू दे. आपण एकदम तिसरीच काढू."